गल्ला केव्हां रिता होतो?

वसई-विरार भागांतील कोणत्याहि मोठ्या वसाहतीच्या फाटकापाशीं सकाळीं दहाच्या सुमारास उभें राहिलें, तर एक नवा नित्यक्रम दृष्टीस पडतो. पाठीवर चौकोनी पिशवी घेतलेला तरुण दुचाकीवरून उतरतो, फाटकावरील माणसास इमारतीचें नांव सांगतो, आणि दोनचार पुडकीं वर पोंचवून पुढच्या फाटकाकडे निघून जातो. पुडक्यांत कोणाचे कपडे असतात, कोणाचीं भांडीं असतात, आणि पुष्कळ घरीं आजी-आजोबांचीं महिन्याचीं औषधें असतात. रक्तदाबाची गोळी, मधुमेहाची गोळी, थायरॉइडची गोळी. वाण्याच्या यादींत जशी तूरडाळ आणि गूळ, तशीं हीं औषधें आतां घराच्या यादींत कायमचीं बसलीं आहेत. नायगांवपासून विरारपर्यंत पसरलेल्या ह्या शहराची वस्ती २०११ च्या खानेसुमारींतच बारा लाखांवर गेली होती. मुलगा आणि सून दोघेंहि पहाटेच्या गाडीनें चर्चगेटच्या बाजूस जाणारीं, आणि मागें राहिलेल्या वडील माणसांस जिना उतरणें कठीण. अशा घरास दारीं औषध आणून देणारें दुकान ही चैन नव्हे, सोय आहे. आणि सोय एकदां अंगवळणीं पडली म्हणजे ती गरज होते.

अशा दुकानांपैकीं एखाद्याचा गल्ला रिता होत आल्याची वदंता उठली, तर ती शेअरबाजारांतल्या चार लोकांची गोष्ट राहत नाहीं. ह्या दुकानांस लागणारा किरकोळ माल आमच्याच वालीव-गोखिवऱ्याच्या लहान कारखान्यांतून निघत असतो, पुडकीं वाहणारे तरुण नालासोपाऱ्याच्या चाळींतून निघालेले असतात, आणि ॲपवर आगाऊ भरलेले पैसे तुमच्याआमच्या घरांतले असतात. तेव्हां असें दुकान बुडतें कसें, केव्हां बुडतें, आणि तें बुडणार कीं तरणार हें बाहेरच्या माणसास कशावरून ताडतां येतें, ह्याचा विचार घरांत बसून करण्यासारखा आहे असें आम्हांस वाटतें. उदाहरणासाठीं आम्ही मुंबईचेंच फार्मईझी हें औषधांचें ऑनलाइन दुकान घेतों. त्याची निंदा करण्याचा आमचा हेतु नाहीं. त्याचे आंकडे जाहीर आहेत, त्याची कथा उण्यापुऱ्या दहा वर्षांची आहे, आणि ह्या प्रश्नाचीं बहुतेक सर्व अंगें तिच्यांत सांपडतात, इतकेंच.

प्रथम एक घोटाळा दूर करूं. तोटा होणें आणि पैसे संपणें ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत. जुन्या वळणाच्या घरांत दोन वह्या असत; एक रोजकीर्द आणि दुसरी खतावणी. कोणाकडून किती येणें, कोणाचें किती देणें, घराची स्थिति चढती कीं उतरती, हें खतावणी सांगे. आज संध्याकाळीं पेटींत किती रुपये शिल्लक राहिले एवढेंच रोजकीर्द सांगे. खतावणींत श्रीमंत असलेलें घर रोजकीर्दींत कफल्लक असूं शकतें. कोंकणांत वाडी आहे, नारळी-पोफळी आहेत, खंड यावयाचा आहे. पण मुंजीचा मुहूर्त उद्यांवर आला आणि पेटींत शंभर रुपये नाहींत, हा प्रसंग पुष्कळ वाचकांच्या आजोबांनीं पाहिला असेल. उलट, खतावणींत वर्षानुवर्षें उणें दिसत असूनहि कोणी तरी मामा वेळेवर पैसे धाडीत असल्यामुळें ज्यांची चूल एक दिवस विझली नाहीं, अशींहि घरें आहेत. दुकानाचें तसेंच आहे. तें आजारी पडतें खतावणींत, परंतु मरतें रोजकीर्दींत. पगार, भाडें, मालाची रक्कम किंवा सावकाराचा हप्ता ज्या दिवशीं देय असतो आणि पेटी उघडल्यावर तेवढी रोकड निघत नाहीं, तो दिवस खरा धोक्याचा. त्याच्या आधीं दहा वर्षें तोटा झाला असला तरी दुकान उघडें असतें.

आतां फार्मईझीची हकीकत. २०१५ सालीं धर्मिल शेठ व डॉ. धवल शहा ह्या दोघा मित्रांनीं ती मुंबईंत सुरू केली. पुढें सिद्धार्थ शहा व त्यांचे सहकारी चालवीत असलेल्या औषधवितरणाच्या घाऊक धंद्याशीं ती एक झाली, आणि दोहोंच्या वर एपीआय होल्डिंग्ज ही मूळ कंपनी उभी राहिली. २०२० च्या करोना-सांथींत घराबाहेर पडणेंच जेव्हां अवघड झालें, तेव्हां अशा दुकानांस सुगीचे दिवस आले. आणि २०२१ हें वर्ष तर दिवाळीसारखें गेलें. मेडलाइफ हें प्रतिस्पर्धी दुकान पोटांत घेऊन झालें. जूनमध्यें असें जाहीर झालें कीं, नव्या मुंबईंतील थायरोकेअर ह्या रक्ततपासणीच्या कंपनीचा ६६.१ टक्के हिस्सा ४,५४६ कोटी रुपयांस, म्हणजे दर शेअरास १,३०० रुपये देऊन, फार्मईझीची मूळ कंपनी घेत आहे. थायरोकेअर ही ए. वेलुमणि ह्यांनीं काढलेली. कोइमतूरच्या बाजूचा हा भूमिहीन शेतकऱ्याचा मुलगा भाभा अणुसंशोधन केंद्रांत नोकरीस होता. तेथून निघून त्यानें १९९६ सालीं हा धंदा मांडला आणि नफ्यांत आणला. सहा वर्षांच्या, नफा ठाऊक नसलेल्या दुकानानें पंचवीस वर्षांची नफ्यांतली पेढी विकत घ्यावी, ह्याचें त्या वेळीं मोठें कौतुक झालें. आम्हांस कौतुकापेक्षां दुसरीच बाब महत्त्वाची वाटते. विकणाऱ्यास रोकड मिळाली, आणि घेणाऱ्याच्या डोक्यावर कर्ज आलें.

कर्ज फेडण्याची युक्ति तयार होती. लोकांस शेअर विकावयाचे. २०२१ च्या नोव्हेंबरांत ६,२५० कोटी रुपये उभारण्याचा मसुदा सेबीकडे गेला. त्यांतले १,९२९ कोटी कर्जफेडीसाठीं राखून ठेवले होते. पण त्याच महिन्यांत पेटीएमचा शेअर बाजारांत आला आणि पहिल्याच दिवशीं शेंकडा २७ नीं घसरला. पुढच्या वर्षीं जगभर व्याजाचे दर चढूं लागले, आणि तोट्यांतल्या दुकानांचे शेअर घेण्याची लोकांची हौस फिटली. २०२२ च्या ऑगस्टांत मसुदा परत घेण्यांत आला. ज्या पैशानें कर्ज फिटावयाचें तो पैसा आलाच नाहीं, आणि जुन्या देण्याच्या जागीं गोल्डमन सॅक्स ह्या अमेरिकन पेढीचें सुमारें २,२८० कोटींचें नवें कर्ज आलें. अशा कर्जास अटी असतात. पेटींत अमुक रक्कम नेहमीं राहिली पाहिजे, अमुक मुदतींत नवें भांडवल आणलें पाहिजे, अशा त्या असतात. २०२३ च्या उन्हाळ्यांत त्या पाळल्या गेल्या नाहींत असें वृत्तपत्रांतून आलें. मग भागधारकांकडेच हात पसरावा लागला. ३,५०० कोटी रुपयांच्या नव्या शेअरांचा दर ठरला पांच रुपये. पूर्वीं हाच शेअर पन्नास रुपयांचा धरला जात होता. २०२१ सालीं सुमारें ५६० कोटी डॉलर किमतीची समजली जाणारी कंपनी दोन वर्षांत त्याच्या दहाव्या हिश्शावर आली. मणिपालचे रंजन पै ह्यांच्यासारखे नवे धनको त्या पडत्या भावांत आंत आले.

ह्या काळांतील तोट्याचे आंकडे पाहिले म्हणजे दोन वह्यांतला भेद स्पष्ट दिसतो. २०२१-२२ सालीं तोटा ३,९९२ कोटी; २०२२-२३ सालीं ५,२१२ कोटी. दुसरा आंकडा पाहून कोणाचीहि छाती दडपेल. परंतु त्यांतले २,८२६ कोटी हे पूर्वीं चढ्या भावांत घेतलेल्या कंपन्यांची कागदावरची किंमत उतरविल्यामुळें आले होते. त्या वर्षीं तेवढा पैसा पेटींतून गेला नव्हता. तो आधींच जाऊन चुकला होता, खतावणींत त्याची कबुली मात्र तेव्हां लिहिली गेली. म्हणून वर्तमानपत्रांत मोठ्या अक्षरांत तोटा छापला जातो त्या वर्षींच दुकान बुडेल असें नसतें. आणि ज्या वर्षीं सर्वत्र वाहवा चालली असते त्याच वर्षीं पुढच्या संकटाचें बी पेरलें जात असतें. आमच्या मतें फार्मईझीचें संकट २०२३ चें नव्हेच, २०२१ चें आहे.

पण कर्ज बाजूस ठेवलें तरी मूळ धंद्यांत पैसा जातो कोठें, हें एका पुडक्याच्या हिशेबावरून कळेल. औषधाच्या छापील किमतींत किरकोळ विक्रेत्याचा वांटा रूढीनें शेंकडा २० आणि घाऊक विक्रेत्याचा शेंकडा १० असतो. सरकारी किंमत-नियंत्रणाखालच्या औषधांत तो १६ आणि ८ वर येतो. समजा, आजोबांचें महिन्याचें औषध छापील किमतीनें १,००० रुपयांचें आहे, आणि दुकानदार दोन्ही वांटे स्वतःच राखून तें थेट कारखान्याकडून घेतो. त्यास तें ७२० रुपयांस पडलें. गिऱ्हाइकास शेंकडा १८ सूट दिली. हातीं आले ८२०. मधले राहिले शंभर रुपये. ह्या शंभरांतून गुदामाचें भाडें, औषधें काढून देणारा माणूस, डॉक्टरची चिठ्ठी तपासणारा फार्मासिस्ट, खोकें, पेट्रोल, पोंचविणाऱ्याची मजुरी, परत आलेल्या मालाचा भुर्दंड, आणि ह्या सर्वांवर ताण करणारा जाहिरातीचा खर्च. पुडकें हजाराचें असेल तर हें कसेंबसें बसेल. तें तीनशेंचें असेल तर मधले तीस रुपये राहतात, आणि तेवढ्यांत कोणी विरार पूर्वेच्या चौथ्या मजल्यावर चढत नाहीं. हे आंकडे आम्हीं समजुतीसाठीं मांडले आहेत. दुकानागणिक ते थोडे फिरतील. पण त्यांवरून एवढें दिसतें कीं लहान पुडकीं वाढलीं तर विक्री वाढते आणि तिच्याबरोबर तोटाहि वाढतो. आपल्याला मिळालेली सूट ही बहुतेक वेळां कारखानदाराची नसते, दुकानदाराच्या नफ्याचीहि नसते. ती त्याच्या भांडवलदाराच्या खिशांतली असते. भांडवलदार थकला कीं सूटहि आटते.

भरभराट चालली असतां पैसा कमी पडतो, हें कोणास विपरीत वाटेल. पण १७३९ च्या मे महिन्यांत चिमाजीअप्पांनीं आमची वसई फिरंग्यांपासून घेतली, तेव्हांच्या पेशव्यांच्या दौलतीकडेच पाहावें. पहिल्या बाजीरावांच्या हयातींत मराठ्यांचा अंमल नर्मदेपलीकडे दूरवर गेला, मुलूख दरसाल वाढत होता. आणि त्याच बाजीरावांचीं धावडशीच्या ब्रह्मेंद्रस्वामींस गेलेलीं पत्रें कर्जाच्या आणि सावकारांच्या तगाद्याच्या काळजीनें भरलेलीं आहेत. मुलूख जिंकावयाचा तर फौज आधीं उभी करावी लागते, शिपायाचें पोट आज भरावें लागतें, आणि जिंकलेल्या मुलखाचा वसूल येतो मागाहून, तोहि आला तर. १७४० सालीं बाजीराव वारले, तेव्हां दौलत मोठी होती आणि कर्जहि मोठें होतें. ब्रह्मेंद्रस्वामी सावकार असले तरी गुरुहि होते, तेवढी सवड पेशव्यांस मिळाली; परदेशी पेढीस असला दुहेरी जिव्हाळा नसतो.

ऑनलाइन दुकानाची रोकड संपणार कीं काय, ही शंका जगांत सर्वांत गाजली ती अमेरिकेंत, २००० सालीं, आणि ती ॲमेझॉनविषयीं होती. आज हें सांगितलें तर मुलें हंसतील. त्या वर्षीं ॲमेझॉनला १४१ कोटी डॉलर तोटा झाला. १९९९ च्या डिसेंबरांत शंभर डॉलरांच्या वर गेलेला तिचा शेअर २००१ च्या शरदांत सहा डॉलरांपर्यंत खालीं आला. लेहमन ब्रदर्स ह्या पेढींतील रवि सुरिया नामक विश्लेषकानें २००० च्या जूनमध्यें लिहिलें कीं ही कंपनी ज्या वेगानें पैसा खात आहे तो पाहतां तिची पेटी लवकरच रिती होईल. त्याचा हिशेब वेडगळ नव्हता. पण दोन गोष्टींनीं ॲमेझॉन तरली. पहिली अशी कीं, बाजार कोसळण्याच्या अगदीं तोंडावर, २००० च्या फेब्रुवारींत, तिनें युरोपांत ६९ कोटी युरोंचे रोखे विकून पेटी भरून ठेवली होती. दोन महिने उशीर झाला असता तर कदाचित् एक दमडी मिळाली नसती. दुसरी अशी कीं, गिऱ्हाईक तिला आज पैसे देई आणि पुस्तकाच्या प्रकाशकास ती पैसे देई कांहीं आठवड्यांनीं. मधल्या काळांत दुसऱ्याचा पैसा तिच्या पेटींत खेळत राही. २००१ च्या जानेवारींत तिनें १,३०० माणसें काढलीं, गुदामें आंखडलीं, आणि त्याच वर्षाच्या शेवटच्या तिमाहींत ५० लाख डॉलरांचा पहिला नफा दाखविला. (ज्या लेहमन ब्रदर्समधून हें भाकित निघालें, ती पेढी स्वतःच २००८ च्या सप्टेंबरांत दिवाळ्यांत निघाली. दुसऱ्याच्या पेटींतले पैसे मोजणें सोपें असतें.)

त्याच सुमारास वेबव्हॅन हें किराण्याचें दुकान मात्र बुडालें. त्यानें गिऱ्हाइकें जमण्यापूर्वींच शहराशहरांतून प्रचंड यांत्रिक गुदामें बांधावयास घेतलीं, ८० कोटी डॉलरांवर भांडवल उडविलें, आणि २००१ च्या जुलैंत दार लावलें. आपल्याकडे बेंगळुरूच्या डन्झोचें ताजें उदाहरण आहे. रिलायन्स रिटेलनें २०२२ च्या जानेवारींत तिच्यांत २० कोटी डॉलर घातले होते. २०२३ सालीं नोकरांचे पगार थकूं लागले, आणि २०२५ च्या जानेवारींत ॲप बंद पडलें. मोठा धनी पाठीशीं आहे एवढ्यावर दुकान तरत नाहीं. पगार थकल्याची बातमी ही ह्या सर्व लक्षणांत आम्ही सर्वांत वाईट समजतों, कारण दुकानदार सावकारास चुकवितो, व्यापाऱ्यास टोलवितो, भाडें लांबवितो. नोकराचा पगार तो अगदीं शेवटीं थांबवितो.

मग फार्मईझीचें काय? २०२२-२३ सालीं तिची विक्री ६,६४४ कोटी होती. पुढच्या वर्षीं ती ५,६६४ कोटींवर आली, आणि तोटाहि ५,२१२ कोटींवरून २,५३३ कोटींवर उतरला. जाणूनबुजून धंदा आंखडून पेटी राखली, असा आम्ही ह्याचा अर्थ करतों. मार्च २०२५ अखेरच्या वर्षांत विक्री ५,८७२ कोटी व तोटा १,५१७ कोटी. वळण बरें आहे. पण दीड हजार कोटींचा तोटा हा तोटाच. २०२५ च्या जानेवारींत मूळ संस्थापकांपैकीं धर्मिल शेठ, धवल शहा व हार्दिक देढिया हे दैनंदिन कारभारांतून बाहेर पडले. ऑगस्टांत सिद्धार्थ शहांनींहि मुख्याधिकाऱ्याचें पद सोडलें, आणि थायरोकेअर चालविणारे राहुल गुहा त्या जागीं आले. ही शेवटची गोष्ट आम्हांस फार बोलकी वाटते. जी पेढी विकत घेण्यापायीं घर कर्जांत बुडालें, तीच आतां घरांतली कमावती आहे. तिचे शेअर सावकाराकडे तारण राहिले; म्हणजे घरांतलें सोनें गहाण आहे, पण तें खोटें नाहीं. अशा दुकानाची पेटी एका रात्रींत रिती होऊन ॲप बंद पडेल असें आम्हांस वाटत नाहीं. विकण्यासारखें कांहीं ज्याच्यापाशीं असतें तें दुकान सहसा बंद पडत नाहीं. त्याचे धनी बदलतात. पन्नासाचा शेअर पांचांस झाला त्या दिवशीं फार्मईझीच्या जुन्या भागधारकांपुरती पेटी रिती झालीच होती. गिऱ्हाइकांस तें कळलें नाहीं इतकेंच, कारण पुडकें दुसऱ्या दिवशींहि वेळेवर आलें.

एक धोका हिशेबाच्या वहीबाहेरचा आहे. औषधविक्रीचा मूळ कायदा १९४० चा. त्यांत इंटरनेट कोठून असणार? ऑनलाइन औषधविक्रीच्या नियमांचा मसुदा २०१८ च्या ऑगस्टांत निघाला, त्याच वर्षीं डिसेंबरांत दिल्ली उच्च न्यायालयानें परवान्याविना अशी विक्री करण्यास मनाई केली, आणि २०२३ च्या फेब्रुवारींत औषध-नियंत्रकांनीं ह्या दुकानांस नोटिसा धाडल्या. औषधविक्रेत्यांच्या अखिल भारतीय संघटनेनें २०१७ व २०१८ सालीं ह्याच प्रश्नावर देशभर बंद पाळला होता. ज्या धंद्याचा पाया कायद्यांत इतका अधांतरी, त्यास कर्ज देणारा व्याज चढेंच लावणार.

आतां आपल्या वसईकडे वळूं. वालीवच्या एखाद्या औद्योगिक वसाहतींत पुठ्ठ्याचीं खोकीं करणारा कारखानदार घ्या. एका मोठ्या ऑनलाइन दुकानाकडून त्यास महिन्यास पांच लाखांची मागणी येऊं लागली. तो हरखून जातो, नवें यंत्र घेतो, दोन माणसें वाढवितो. पैसे पूर्वीं तीस दिवसांनीं येत. मग पंचेचाळीस, मग साठ, मग नव्वद. वरवर पाहतां त्याचा धंदा वाढला आहे. वस्तुतः तो त्या दुकानास बिनव्याजी पंधरा लाख उसने देऊन बसला आहे. ॲमेझॉनच्या पेटींत दुसऱ्याचा पैसा खेळत होता असें आम्हीं वर म्हटलें. तो दुसरा म्हणजे हाच. दुकानाची रोकड आटूं लागली कीं प्रथम त्याचीच मुदत लांबते, आणि म्हणून कोणत्याहि विश्लेषकाच्या आधीं खरी बातमी त्यास लागते. त्याच्या बाजूनें कायदा आहे, पण पुष्कळांस तो ठाऊक नसतो. २००६ च्या लघुउद्योग कायद्यान्वयें नोंदलेल्या सूक्ष्म व लघु कारखान्याचे पैसे लेखी करार असला तरी जास्तींत जास्त ४५ दिवसांत दिले पाहिजेत. उशीर झाल्यास बँक-दराच्या तिप्पट व्याज, तेंहि दरमहा चक्रवाढीनें, लागतें. २०२३-२४ पासून आयकर कायद्यांतहि अशी तरतूद आली कीं मुदतींत न दिलेली अशी रक्कम देणाऱ्यास त्या वर्षाच्या खर्चांत धरतां येत नाहीं. अडचण अशी कीं, एकच मोठें गिऱ्हाईक असलेला माणूस त्याच्याविरुद्ध अर्ज करावयास धजत नाहीं. एकाच दुकानास आपला अर्ध्याहून अधिक माल देऊं नये, असें आम्ही त्यास सांगूं. तो ऐकेलच अशी आमची समजूत नाहीं.

घरांतला पैसा दोन वाटांनीं अशा दुकानांत अडकतो. एक, ॲपवरच्या पाकिटांत किंवा वर्षाच्या सभासदत्वासाठीं आगाऊ भरलेला. बँकेंतल्या ठेवीस २०२० पासून पांच लाखांपर्यंत विम्याचें संरक्षण आहे. एकाच दुकानांत चालणाऱ्या पाकिटास तें नाहीं, आणि असलें पाकीट काढावयास रिझर्व्ह बँकेची परवानगीहि लागत नाहीं. दुकान दिवाळ्यांत निघून त्याची मालमत्ता विकली गेली, तर २०१६ च्या कायद्यानें वांटणीची रांग ठरलेली आहे. प्रथम त्या कामाचा खर्च, मग कामगारांचे चोवीस महिन्यांपर्यंतचे पगार व तारण घेतलेले सावकार, मग इतर नोकर, मग बिनतारणी कर्ज देणारे, मग सरकार. माल उधार देणारा कारखानदार आणि पाकिटांत तीनशें रुपये ठेवलेल्या आजीबाई त्यांच्याहि मागें. तेव्हां वर्षाचें औषध आगाऊ घेऊन चार रुपये वांचविण्यापेक्षां महिन्याचें औषध महिन्यास घ्यावें, पुडकें दारीं आल्यावर पैसे द्यावे, आणि डॉक्टरची मूळ चिठ्ठी ॲपवर चढविली तरी कपाटांत जपून ठेवावी. स्टेशनरस्त्यावरच्या औषधवाल्याशीं ओळखहि राखावी. रात्रीं अकरा वाजतां दम्याचा पंप हवा असला तर दरवाजा त्याचाच ठोठवावा लागतो, आणि आपण वर्षभर सूट दुसरीकडून घेतल्यामुळें तो दरवाजाच राहिला नाहीं, असें होऊं नये.

दुसरी वाट अधिक महागाची. बाजारांत न आलेल्या कंपनीचे शेअर दलालामार्फत घेण्याची जी लाट २०२१ सालीं आली, तींत पगारदार तरुणांनीं बरेच पैसे घातले; फार्मईझीचे शेअरहि असे हस्तांतरित होत होते. बाजारांत आले कीं दुप्पट, हा हिशेब. बाजारांत ते आले नाहींत, आणि पांच रुपयांच्या नव्या शेअरांनीं जुन्यांचा वांटा पातळ झाला. ज्यानें आणखी पैसे भरले नाहींत त्याचा हिस्सा आपोआप आंखडला, आणि तो विकावयास धड बाजारहि नाहीं. मुलानें असे शेअर घेतले असतील तर त्याच्यावर रागावून उपयोग नाहीं. त्यास पुढील खटपट करावयास सांगावी.

खाजगी कंपन्यांनींहि आपला वार्षिक हिशेब कंपनी-निबंधकाकडे द्यावा लागतो. मार्चअखेरच्या वर्षाची सर्वसाधारण सभा सप्टेंबरअखेर व्हावी आणि त्यानंतर तीस दिवसांत हिशेब दाखल व्हावा, असा सामान्य नियम आहे. कंपनी-मंत्रालयाच्या संकेतस्थळावर १०० रुपये भरून कोणाहि नागरिकास तो पाहतां येतो. नफातोट्याचें पान प्रथम उघडूं नये. रोकड-प्रवाहाचें पान काढावें, आणि धंद्यांतून वर्षभरांत किती पैसा बाहेर गेला तो आंकडा बारांनीं भागावा. मग ताळेबंदांतील रोख व बँक शिल्लक त्या भागाकारानें भागावी. किती महिन्यांची शिदोरी आहे तें निघतें. त्यानंतर टिपांमधून कर्जफेडीच्या तारखा शोधाव्या, आणि पहिली मोठी तारीख त्या महिन्यांच्या आंत पडते कीं बाहेर एवढें पाहावें. शेवटीं लेखापरीक्षकाच्या अहवालांत, कंपनी पुढें चालूं राहण्याविषयीं त्यानें कोठें शंका नोंदविली आहे काय, तें वाचावें. तो परिच्छेद बहुधा लहान असतो आणि इंग्रजींत असतो; घरांतल्या बी.कॉम. झालेल्या सुनेनें तो मोठ्यानें वाचून सर्वांस समजावून द्यावा.